वसूल

सेंट एनॉकला वृंदा आम्हाला सोडून ऑफिसला गेली.
एकेरी काढा, म्युझियम बघा, घरी या, एवढंच म्हणाली होती.
पण दरपत्रकासमोर हे उभे राहिले ते राहिलेच.
बार्शी डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर,
तिकीट म्हटलं की अजून पाठ ताठ होते.
एकेरी किती, परतीचं किती, दिवसभराचं किती,
आठवड्याचं घेतलं तर कार्डाचे वेगळे किती,
आणि साठीपुढची सवलत
फक्त इथल्याच म्हाताऱ्यांना.
“बघ, मालन,” म्हणाले,
“म्हातारपणालासुद्धा रहिवासी दाखला लागतो.”

माझ्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावर गणित मांडलं.
तीनदा चढलो तर दिवसभराचं परवडतं,
दोनदाच चढलो तर तोटा.
मागे एक मुलगी खोळंबली होती,
हिरवे केस, पाठीवर माणसाएवढी वाद्याची पेटी.
तिला वाट दिली
आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

पर्यटकांचं कार्डही होतं, जाड, चकचकीत.
दोन दिवसांत नऊ ठिकाणं.
“एवढं तर जादा गाडीचा ड्रायव्हरसुद्धा पळवत नाही.
दारूची भट्टी वजा कर.
मनोरा वजा कर, तुझे गुडघे.
उघड्या टपाची बस वजा कर, हा वारा.
राहिली बोट.”
मला बोट लागते.
कार्ड जिथलं तिथे ठेवलं,
कडा जुळवून.

दिवसभराची दोन काढली.

केल्विनहॉलला उतरून म्युझियमच्या दाराशी
रात्री पाठ केलेलं वाक्य ह्यांनी म्हटलं:
दोन ज्येष्ठ नागरिक, काही सूट?
दारावरची बाई हसली. सगळ्यांनाच फुकट आहे, म्हणाली.
हे दोन पावलं मागे आले.
वय दाखवायला आणलेली पासपोर्टची झेरॉक्स
खिशातून अर्धी बाहेर आलेली, ती पुन्हा आत गेली.
“फुकटावर सूट कशी मागणार?”
आणि खरंच जरा उतरले.
छताला टांगलेलं विमान मी एकटीनेच पाहिलं.
हे बाकावर. एक फेरी झाली,
घरी जायची दुसरी,
तिसरी कुठून आणायची?

परतताना गाडी मुद्दाम उलट्या बाजूची धरली.
गोल फिरते ही, वृंदाने सांगितलं होतं,
कुठूनही बसा, घर येतंच.
ह्यांना ते पटत नव्हतं.
“शेवटचा थांबाच नाही?
मग वेबिल कुठे बंद करायचं?”

ह्यांच्या गाडीने मी किती वेळा वैरागला गेले, माहेरी.
मलाही तिकीट फाडून द्यायचे, इतरांसारखंच,
सुटे द्या म्हणायचे, अहो-जाहो करून.
शेजारी कधी बसले नाहीत.
बसणार कसे, ड्युटीवर.

इथे बाकं समोरासमोर.
खिडकीतून बघायला काही नाही, नुसता बोगदा,
त्या काळ्या काचेत आम्ही दोघं,
मफलर, माझी गुलाबी टोपी, वृंदाची जुनी.
किनिंग पार्क. सेसनॉक. इब्रॉक्स.
गोव्हन आलं. उतरायचं होतं.
हे उठले नाहीत.
मी पण नाही.
दार लागल्यावर म्हणाले, “ही आता तिसरीत धरायची.”
तपासनीस मानला नसता.
मी मानली.

तिकिटं दोन बोटांत उभी धरलेली,
कुणी मागेल म्हणून.
कुणी मागितलं नाही.
दर स्टेशनला दार उघडलं
की ह्यांचा डावा खांदा थोडा वर यायचा.
पार्टिकला एक म्हातारा काठी टेकत चढला,
समोर बसला, धापा टाकत.
ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले.
कुठं जायचं, बाबा?
आवाज काही निघाला नाही.

मी हातातली तिकिटं काढून घेतली
आणि पर्समध्ये ठेवली,
गोळ्यांच्या पाकिटाशेजारी.